आमच्या राखणदाराची विंटर एल

मालवण तालुक्यात हिवाळा असतो, याविषयी आमच्या घरात मतभेद नाहीत.

बाहेरच्यांना मात्र ते पटत नाही. पुण्याची माणसे डिसेंबरात आमच्याकडे येतात, घाम पुसतात आणि "इथे थंडी कधी सुरू होते?" असे विचारतात. त्या वेळी त्यांच्यासमोर माझे बाबा माकडटोपी, मफलर आणि पायमोजे अशा संपूर्ण संरक्षणात बसलेले असतात. बाबांच्या मते तापमापक हे यंत्र कोकणासाठी बनवलेलेच नाही. थंडी हाडांना कळते, पाऱ्याला नाही.

त्यामुळे 'विंटर एल' बनवण्याची कल्पना माझ्या डोक्यात आली, तेव्हा तिला भक्कम कौटुंबिक आधार होता.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आणि कुडाळच्या पुढे, एका बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या छोट्याशा ब्रुअरीत नोकरी धरली. (आई नातेवाइकांना सांगते, "आमची वृंदा यीस्टच्या कंपनीत आसा." हे शास्त्रीयदृष्ट्या खोटे नाही. बाबांचे चुलतभाऊ तात्याकाका मात्र भर लग्नात, अक्षता टाकता टाकता विचारतात, "काय गो, तुझी भट्टी काय म्हणता?") एल हा बीअरचाच एक प्रकार. हिवाळ्यासाठी बनवलेली एल रंगाने गडद, किंचित गोड आणि अंगात ऊब आणणारी असते. थंड देशांत ती बर्फ पडताना पितात. आमच्याकडे बर्फ फक्त सुरमईवर पडतो, म्हणून मी कृतीत स्थानिक सुधारणा केल्या. माडाचा गूळ घेतला, परसातले जायफळ घेतले, जव खरपूस भाजले आणि पावसाळाभर त्या मिश्रणामागे अशी लागले की आईला माझ्या पत्रिकेत काही दोष आहे का, हे पुन्हा एकदा तपासून घ्यावेसे वाटले.

इतक्या उत्साहाचे कारण साधे होते. ब्रुअरीच्या मालकीणबाई, नंदिता मॅडम, यांनी जाहीर केले होते, "या हंगामात नवी एल एकच निघेल. तुझी की विक्रांतची, ते मी चाखून ठरवणार." विक्रांत हा माझा सहकारी. त्याच्या एलमध्ये संत्र्याची साल होती. ती मॅडमनी चाखली होती आणि "छान आहे" असेही म्हटले होते. माझी त्यांना मालवणी जेवणाबरोबर चाखायची होती. "रविवारी दुपारी तुझ्या घरीच येते," त्या म्हणाल्या. माझी एल पसंत पडली तर ब्रुअरीची मोठी टाकी माझ्या ताब्यात येणार होती आणि लेबलवर माझे नाव छापले जाणार होते. नावाखाली 'निर्माती' असा शब्द! तो कोणत्या वळणाच्या अक्षरांत छापावा, हेसुद्धा मी ठरवून ठेवले होते.

प्रयोगाची बॅच चिमुकली होती. सगळी मिळून एक खोके भरले. पृथ्वीतलावर माझी जेवढी म्हणून एल होती, ती त्या एका खोक्यात होती, आणि शनिवारी दुपारी ते खोके तान्ह्या बाळासारखे मांडीवर घेऊन मी मसुऱ्याजवळच्या आमच्या वाडीत पोचले.

आता प्रश्न तापमानाचा. विंटर एल फार गार प्यायची नसते. ती माठातल्या पाण्याहून थोडी थंड आणि फ्रिजमधल्या पाण्याहून थोडी कोमट हवी. आमच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात दुधाचा दगड होतो आणि खालच्या कप्प्यात बांगड्यांना घाम फुटतो. मधली अवस्था त्याला माहीत नाही. म्हणून रविवारी सकाळी तापमापक घेऊन मी घर, पडवी, गोठा आणि आगर अशी पद्धतशीर पाहणी केली. आगराच्या टोकाला, सुरंगीच्या झाडाखाली, झऱ्याच्या काठावर पारा मला हवा तिथे येऊन थांबला! अगदी रेघेवर! मी आनंदाने उडी मारली, खोके तिथे नेले आणि ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवले.

सुरंगीखाली शेंदूर फासलेला एक दगड आहे, आणि ती जागा आमच्या राखणदाराची आहे, हे मला ठाऊक होते. परंतु एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि ती लक्षात घेणे, या दोन स्वतंत्र क्रिया आहेत.

राखणदार म्हणजे आमच्या जमिनीचा अदृश्य रखवालदार. हातात काठी घेऊन तो आगरात फेऱ्या मारतो, चोराला वाट चुकवतो, गुरांवर नजर ठेवतो. त्याला विडी आवडते आणि घोटभर सोरो, म्हणजे दारूही, आवडते. घरात पहिला आंबा आला, पहिले भात आले, की पहिला मान त्याचा. तेव्हा चहा घेताना आईने विषय काढला.

"नवीन सोरो घरात इलो आणि राखण्याक दाखवच्या आधी पावण्यांक देतलंस?"

"आई, सोरो नाय गो तो. एल आसा."

"मगे ता तू राखण्याक समजाव."

पाहुणी दारात यायच्या आधी घरात वाद नको, असा विचार करून मी तडजोड सुचवली. एक बाटली उघडायची, एक झाकणभर दगडावर ओतायची. मात्रा महत्त्वाची नसते, भावना महत्त्वाची असते. आईने मान डोलावली आणि तात्याकाकांना बोलावणे धाडले, कारण वाडीतली सगळी गाऱ्हाणी तेच घालतात.

गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली विनंती. एकाने वाक्य म्हणायचे आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" असा दुजोरा द्यायचा. हा दुजोरा म्हणजे करारावरची सहीच. एकदा दिला की माघार नाही. तात्याकाका ते इतक्या तल्लीनतेने घालतात की शेजारच्या वाडीतली माणसे कामे टाकून ऐकायला येतात. त्या दिवशी आमचा शेजारी बाबल, ज्याची खाडीत होडी असते, तोही आला. ("माका वाटला, कायतरी पिवचा आसा," असे त्याने नंतर प्रामाणिकपणे सांगितले.) पुरुष दगडापाशी उभे राहिले. आई आणि मी गडग्याच्या अलीकडे. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची कमरेएवढी भिंत. मी पलीकडे एक बाटली आणि एक झाकण सुपूर्द केले. तात्याकाकांनी दोन्हींकडे पाहिले. मग त्यांची नजर गोणपाटाखालच्या खोक्यावर स्थिरावली आणि त्यांच्या चेहऱ्यावर भक्तीचे तेज पसरले.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या आगराची, ह्या वाडयेची, पोराटोरांची तू राखण करतंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझ्या लेकरान शिकान सवरान भट्टी घातल्यान..."

"एल," मी गडग्यावरून दुरुस्ती केली.

"...काय ती एल घातल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचा जा काय हय हाडून ठेवलला आसा, ता सगळा तुझा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या शेवटच्या गजरात सर्वांत मोठा आवाज माझा होता.

याचे स्पष्टीकरण शरीरशास्त्रात सापडते. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय आपोआप उडतो. मेंदूची परवानगी लागत नाही. आमच्याकडच्या मुलाला जन्मापासून गाऱ्हाणी ऐकवली जातात, आणि "म्हाराजा!" कानावर पडले की घशातून उत्तर आपोआप निघते. अर्थ मेंदूत पोचतो तो त्यानंतर. 'इथे आणून ठेवलेले सगळे तुझे' हा अर्थ माझ्या मेंदूत पोचला तेव्हा तात्याकाका नारळ फोडून मोकळे झाले होते.

"तात्या," मी घसा साफ करत विचारले, "सगळा म्हणजे?"

"सगळा म्हणजे सगळा. खोक्यासकट."

"पण एक झाकणच ठरला होता!"

"मगे खोको हय राखण्याच्या पायाशी कोणी हाडून ठेवल्यान? मी?"

मी तापमानाचा मुद्दा मांडला. तात्याकाकांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "बघ, म्हणजे तेकाच थंड जाग्यार व्हयी होती."

राखणदाराला वाहिलेली वस्तू घरात परत आणत नाहीत. ती तिथेच, त्याच जागी, पुरुषांनी संपवायची असते. बायकांनी तिला तोंड लावायचे नसते. (या नियमाचे कारण मी लहानपणापासून विचारत आले आहे. उत्तर आजवर बदललेले नाही: "तसाच आसा.") म्हणजे जिने ती एल बनवली ती बाई, आणि जी ती चाखून निर्णय देणार होती ती बाई, अशा दोघीच त्या एलला अपात्र ठरल्या होत्या! तेवढ्यात फोन वाजला. मॅडमचा उत्साही आवाज आला, "वृंदा, कसाल गाव मागे टाकलं! भूक आणि तहान दोन्ही घेऊन येतेय!"

"तात्या, कौल लाव!" मी ओरडले.

कौल म्हणजे देवाची संमती विचारणे. भिजवलेले तांदूळ दगडाच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचे. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. तात्याकाकांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "चेडू अर्धो खोको परत मागता, देतंस?" डावा दाणा टपकन पडला.

"परत लाव. एका निरीक्षणावरसून निष्कर्ष काढूचो नसता."

"तो राखणो आसा गो! परत परत इचारूक तो काय कस्टमर केअर?"

माझ्या हट्टाखातर त्यांनी पुन्हा दाणे लावले. पुन्हा डावा. मी तिसऱ्या चाचणीचा आग्रह धरला, तेव्हा दोन्ही दाणे एकदम पडले आणि वरून सुरंगीची वाळकी काटकी तात्याकाकांच्या डोक्यात पडली.

"बघलंस? आता चिडलो तो!" तात्याकाका मागे सरकत म्हणाले. प्रयोग तिथेच थांबवण्यात आला.

मॅडम आल्या. मी त्यांना गडग्यापाशी नेऊन सारी हकिगत शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत सांगितली. त्या रागावतील, असा माझा अंदाज होता. त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "म्हणजे बाजारात येण्याआधीच तुझ्या एलचा सगळा साठा संपला! मग चाखू दे त्यांना. आपण इथून विचारू."

अशा रीतीने आमच्या ब्रुअरीच्या इतिहासातले पहिले भिंतीपलीकडचे चवपरीक्षण सुरू झाले. बाबलने नारळाच्या करवंट्या आणल्या. फेस वर आला, तसा तो डोळे मोठे करून वाकला.

"आधी नुसता वास घ्या," मॅडम गडग्यावर कोपरे टेकून म्हणाल्या. "काय आठवतं?"

"आंगणेवाडीची जत्रा," बाबल म्हणाला.

"म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे गुळाचा खाजा, धूर, नि गर्दीत पाठीक लागललो कोणाचो तरी कोपर."

(मी मनात नोंद केली: गूळ आहे, भाजलेपणा आहे, कोपराचा तपास करावा लागेल.)

"आता घोट घ्या. पहिल्यांदा कसं लागतं?"

"गोड."

"मग?"

"कडू."

"आणि अगदी शेवटी?"

बाबलने डोळे मिटले. खाडीवरून वारा आला. तात्याकाकाही घोट तोंडात धरून थांबले.

"शेवटाक... गप."

"गप?"

"माझो सासरो असोच आसा. इलो काय गोड बोलता. मगे कडू बोलता. जेवलो काय गप."

मॅडम इतक्या हसल्या की गडग्याचे दोन दगड निखळले. तात्याकाकांनी अभिप्राय शब्दांत दिला नाही. त्यांनी स्वेटर काढून फांदीला अडकवला. उरले बाबा. बाबांनी आयुष्यात कधी दारूला स्पर्श केलेला नाही. पण जमीन त्यांच्या नावावर, म्हणून राखणदाराच्या प्रसादाला नाही म्हणण्याची सोय नव्हती. आईच्या डोळ्याला डोळा न भिडवता त्यांनी करवंटी तोंडाला लावली. मॅडमच्या मतापेक्षाही या एका घोटाची मला धास्ती वाटू लागली होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

"बाबा, कशी झाली?"

बाबांनी करवंटीचा तळ पाहिला.

"बरी आसा," ते म्हणाले.

बाबांच्या शब्दकोशात याच्यापुढे शब्द नाही! मी विद्यापीठात पहिली आले तेव्हा ते "बरा झाला" म्हणाले होते आणि पाणी शेंदायला निघून गेले होते. पण या वेळी ते तिथेच थांबले. त्यांनी हात वर नेला आणि माकडटोपी काढली. डिसेंबरात! उघड्यावर! आईने गडगा घट्ट धरला. बाबांनी करवंटी पुन्हा पुढे केली.

"ह्यांका पुरे आता!" आई ओरडली.

"राखण्याचा उरवूचा नसता," बाबा अत्यंत धार्मिक स्वरात म्हणाले.

खोके रिकामे झाले. शेवटच्या बाटलीसाठी बाबल आणि तात्याकाका यांच्यात राखणदाराशी कोणाचे नाते अधिक जवळचे, यावर थोडी चर्चाही झाली. मी हर्षभराने मॅडमकडे वळले, आणि पाहिले तर त्यांचा चेहरा मालकिणीचा झाला होता.

"वृंदा, मजा आली. पण मी चाखलेली नाही. न चाखता मोठी टाकी कशी देऊ? विक्रांतची मी चाखली आहे."

मी स्वतःसुद्धा ती बाटलीत भरण्यापूर्वीच, कच्ची आणि बिनफेसाची असताना, चाखली होती. ती तयार झाल्यावर कशी लागते, हे जगात फक्त तीन पुरुष आणि एक दगड यांना ठाऊक होते. घराकडे परतताना लेबलवरचा 'निर्माती' हा शब्द माझ्या डोळ्यांदेखत एकेक अक्षराने पुसला जात होता.

आईने पाने वाढली. वडे आणि कोंबडीची सागोती. वडे त्या दिवशी असे टम्म फुगले होते की ताटात आवरेनात. मॅडमनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि त्या चावता चावता थांबल्या.

"काकू, या वड्यांत काय आहे?"

"काय नाय," आई छताकडे बघत म्हणाली. "पीठ."

"आई," मी हळूच म्हटले, "काय घातलंस?"

"ओरडा नको. ह्या थंडीत पीठ आंबता खंय? तूच सांगतंस, तुझ्या त्या बाटल्येत यीस्ट आसा. काल पीठ मळताना खोक्यातली एक घेतलंय."

पेशी मोजण्यात प्रावीण्य मिळवलेल्या मला खोक्यातल्या बाटल्या मोजायचे सुचले नव्हते! एक क्षणभर मी संतापले. दुसऱ्या क्षणी मला तिला मिठी मारावीशी वाटली. तिसऱ्या क्षणी भीती वाटली, कारण ती बाटलीही राखणदाराची असेल तर? मी पडवीत धावले. तिथे तात्याकाका खांबाला टेकून, मिटल्या डोळ्यांनी प्रसाद जिरवत होते. त्यांनी एक डोळा उघडून निवाडा दिला.

"गाऱ्हाण्यात मी काय म्हटलंय? 'हय हाडून ठेवलला'. ती बाटली तेव्हा तुझ्या आवशीच्या परातीत होती. ती घरची." डोळा मिटला. पुन्हा उघडला. "आणि पिठात गेली, म्हणजे ती सोरो नाय. वडो."

मी स्वयंपाकघरात परतले तेव्हा मॅडम आणखी एक वडा रश्श्याशिवाय, नुसताच खात होत्या.

"गूळ आहे," त्या स्वतःशीच बोलत होत्या. "मागून जायफळ. मग तो भाजल्याचा कडवटपणा. आणि शेवटी..." त्या थांबल्या. आई पोळपाटावरचा हात तसाच ठेवून ऐकू लागली. "शेवटी गप! वृंदा, तळणीतून निघूनही जी चव जागेवर राहते, ती बाटलीत काय करत असेल! मोठी टाकी तुझी."

तळलेल्या नमुन्यावरून पेयाचे मूल्यमापन करणे कोणत्याही मान्य पद्धतीत बसत नाही, हे एक शास्त्रज्ञ म्हणून मी त्यांना सांगायला हवे होते. मी त्यांच्या पानात आणखी दोन वडे वाढले.

मॅडम निघताना तात्याकाका खांब सोडून उठले. चांगल्या कामाला निघाल्यावर गाऱ्हाणे नको का? मी मॅडमना बाजूला घेऊन बजावले, "काहीही झालं तरी उत्तर देऊ नका." स्वतः ओठ दातांखाली घट्ट दाबून धरले. तात्याकाकांनी सुरंगीकडे तोंड केले.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या चेडवाची एल मुंबयेक जावं दे, पुण्याक जावं दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुरुष म्हणाले. मी गप्प.

"आणि दर वर्साक पयलो खोको तुझो! तू चाखल्याबिगर दुसऱ्या कोणी तोंडाक लावूचा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज माझा. त्याच्या खालोखाल मॅडमचा, तोही हात जोडून.

आज मोठी टाकी माझ्या ताब्यात आहे. लेबलवर माझे नाव आहे, 'निर्माती' हा शब्द वळणदार अक्षरांत आहे, आणि त्याखाली मॅडमच्या आग्रहाने चवीचे वर्णन छापले आहे: "गोड, मग कडू, मग गप." गुणवत्ता तपासणीची व्यवस्थाही निश्चित झाली आहे. हंगामाचे पहिले खोके सुरंगीखाली जाते. मी तापमापक, आम्लतामापक आणि पदवी घेऊन गडग्याच्या अलीकडे उभी राहते. पलीकडे बाबल करवंटीतून घोट घेतो, डोळे मिटतो, बराच वेळ विचार करतो आणि ओरडतो, "सासरो बरो आसा गो!"

मग मी तो निकाल शास्त्रीय मानून अहवालावर सही करते.